मागच्या सीटवर कोण? रुग्णवाहिकेच्या देखाव्याच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

देखाव्याची पहिली बैठक झाली. मंडळाच्या रुग्णवाहिकेला यंदा पंचवीस वर्षं होतात, तेव्हा विषय रुग्णवाहिकेचाच, यावर कोणाचं दुमत नव्हतं. वाद त्यापुढचा. अण्णांचं म्हणणं, मांडवात आपली पहिली गाडी उभी करायची, ती जुनी ओम्नी, फुलांनी सजवून, शेजारी देणगीदारांचा फलक. मी पिट्सबर्गच्या ‘फ्रीडम हाउस’ची गोष्ट मांडली. जिवंत देखावा, सात-आठ मिनिटांचा, निवेदन ध्वनिमुद्रित, कलाकार आपलीच पोरं. खजिनदारांनी विचारलं, “अमेरिकेतल्या गाडीचं आपल्या पेठेत काय काम?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देता देता चहाची दुसरी फेरी झाली.

सांगितलं ते एवढंच: पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथे १९६७ मध्ये वस्तीतल्याच बेरोजगार तरुणांना हाताशी धरून एक रुग्णवाहिका सेवा उभी करायला घेतली. त्यांना असं शिकवलं की रस्त्यावरच उपचार सुरू करणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या पथकांत त्यांचं नाव घेतलं जातं. १९७५ मध्ये शहराने सेवा बंद केली. त्यांच्या कामातून तयार झालेला अभ्यासक्रम मात्र देशभर गेला.

ही मंडळी पगारी होती, स्वयंसेवक नव्हती, हेही सांगून टाकलं. नाहीतर आमच्यातला कोणीतरी ऐन गणपतीत मोबाइलवर शोधून काढणार आणि मांडवातच वाद घालणार.

ठरलं असं: विषय मंजूर, संहिता माझ्याकडे. अण्णांची ओम्नीही राहील, पण मांडवाबाहेर.

२१ जून, शनिवार

पालख्या मुक्कामाला आहेत. आपली गाडी कालपासून वारकऱ्यांच्या सेवेत. पायांचे फोड, पोटऱ्यांत गोळे, उन्हाचा त्रास, नेहमीचंच. दुपारी एक आजी चक्कर येऊन बसल्या. गाडीबरोबर कॉलेजचा एक कार्यकर्ता होता. तो आजींचा हात धरून “आई, काही नाही होत” म्हणत राहिला. तेवढ्यात गल्लीतल्या ताई आल्या (सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झाल्यात). त्यांनी आजींना सावलीत आडवं केलं, पाय उंच ठेवले, नाडी पाहिली, मधुमेहाची गोळी घेता का, सकाळपासून काय खाल्लं, ते विचारलं. पाच-सात मिनिटांत आजी बोलायला लागल्या.

संध्याकाळी पोरगा मला विचारत होता, “मी नेमकं काय करायला हवं होतं?” त्याला ताईंकडे पाठवलं. संहितेत कुठेतरी हा प्रश्न यायला हवा.

२९ जून, रविवार

पहिल्या प्रवेशाची जुळवाजुळव. १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत रुग्णवाहिका म्हणजे काय, हे प्रेक्षकाला अर्ध्या मिनिटात कळलं पाहिजे. आपल्याला वाटतं तिथे पहिल्यापासून सगळं चकाचक असेल. प्रत्यक्षात देशातल्या निम्म्याच्या आसपास रुग्णवाहिका अंत्यविधी करणाऱ्या दुकानदारांच्या होत्या. आडवं झोपवून न्यायची सोय असलेली गाडी त्यांच्याचकडे, म्हणून. जिवंत माणूस आणि मयत, दोघांना गाडी तीच! १९६६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. आदल्या वर्षी अपघातांत १,०७,००० माणसं गेली होती. अपघात हा एक रोगच आहे आणि त्याकडे समाजाने दुर्लक्ष केलंय, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

पिट्सबर्गात हे काम बव्हंशी पोलिसांकडे होतं. आरोपींना नेतात त्याच गाडीत रुग्णाला मागे टाकायचं आणि दोन्ही पोलीस पुढे बसायचे. मागे रुग्ण एकटा. हिल डिस्ट्रिक्टमध्ये पोलिसांना बोलवायचं म्हणजे आधीच धाकधूक. ते येतील का, आले तर कधी, आणि आल्यावर वागतील कसे, याचा काही भरवसा नाही. त्यात या वस्तीचा खालचा भाग १९५० च्या दशकात पुनर्विकासाच्या नावाखाली पाडलेला. सुमारे ८,००० माणसं हलवली आणि त्या जागेवर उघडमिट होणाऱ्या छताचं मोठं क्रीडागृह बांधलं. निवेदनात याला दोन वाक्यं देतोय. आपल्याकडच्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाहीत.

मग एक मोठा माणूस गेला. डेव्हिड लॉरेन्स, शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी प्रचारसभेत ते कोसळले. हजर असलेल्या एका नर्सने तिथेच श्वास द्यायला सुरुवात केली, पण पुढचा प्रवास पोलिसांच्याच गाडीतून झाला. रुग्णालयात पोचेपर्यंत मेंदू गेलेला होता. २१ नोव्हेंबरला ते वारले. गव्हर्नर असो की हमाल, गाडीत मागे कोणी नाही तर नाहीच.

सुताराला सांगायचं: पोलिसांची गाडी एका बाजूने उघडी हवी. मागचा अंधारा भाग प्रेक्षकाला दिसला पाहिजे. पुढच्या भागावर प्रकाश नको.

६ जुलै, रविवार. आषाढी

उपास, त्यामुळे बैठक छोटी. पीटर सफार यांच्यावर अडलोय. माणूस इतका मोठा की देखावा त्यांचाच होऊन बसेल. व्हिएन्नात जन्मलेला भूलतज्ज्ञ. तोंडाने श्वास देण्याची पद्धत खरंच काम करते हे १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये प्रयोगांनी दाखवणाऱ्यांपैकी एक. प्रथमोपचाराच्या वर्गांत वर्षानुवर्षं सांगत आले ते ‘ए-बी-सी’, म्हणजे श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, ही मांडणी त्यांची. १९६१ मध्ये ते पिट्सबर्गला आले. १९६६ मध्ये त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्यात गेली. तिची गोष्ट देखाव्यात घ्या, लोक रडतील, असं अध्यक्ष म्हणाले. रडतीलच. म्हणूनच ती निवेदनात एका वाक्यात ठेवतोय, दृश्य करत नाही. नाहीतर एका थोर डॉक्टरने दुःखातून गरिबांना रुग्णवाहिका दिली, अशी गोष्ट लोक घरी घेऊन जातील.

घडलं ते तसं नव्हतं. फिल हॅलन नावाचे गृहस्थ वैद्यकीय कामांना पैसा पुरवणाऱ्या एका निधीचे प्रमुख होते. त्यांनी स्वतः पूर्वी रुग्णवाहिका चालवली होती. वस्तीत ‘फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस’ ही कृष्णवर्णीयांची संस्था लोकांना काम मिळवून द्यायचं काम आधीपासून करत होती. हॅलन यांच्या मनात आजारी माणसाला दवाखान्यात पोचवणारी साधी गाडी होती. सफार म्हणाले, नुसत्या पोचवण्यात मला रस नाही. उपचार गाडीतच सुरू होणार असतील तर मी शिकवतो. पैसा एकाचा, विद्या दुसऱ्याची, आणि माणसं वस्तीची. यातलं तिसरं नसतं तर पहिली दोन कागदावर राहिली असती.

९ जुलै, बुधवार

शिकाऊ तरुणांचा प्रवेश लिहून झाला. यात हात आखडता घ्यायचा नाही, असं ठरवूनच बसलो होतो.

कोण होते हे? कोणाची शाळा अर्धवट सुटलेली, कोणी व्हिएतनामहून परतलेला, कोणाच्या नावावर पोलिसांची नोंद. नोकरीच्या लायकीचे नाहीत, असा शिक्का बसलेले. सफार यांनी त्यांना साधारण ३०० तासांचा अभ्यासक्रम दिला. त्या काळी कुठल्याही रुग्णवाहिकेवरचा माणूस इतकं शिकलेला नसे. शरीररचना, शरीरक्रिया, हृदयाची मालिश, श्वासनलिकेत नळी घालणं, बाळंतपण, गाडी सांभाळून हाकणं. वर्ग संपला की रुग्णालयात उभं राहायचं, शस्त्रक्रियागृहात, अतिदक्षता विभागात. ज्यांची शाळा राहिली होती त्यांना ती पूर्ण करायला मदत.

शिकणं चालू असतानाच एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि हिल डिस्ट्रिक्ट पेटलं. त्याच वर्षी यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. पहिल्या वर्षात साधारण ५,८०० हाका आल्या आणि ४,६०० हून अधिक रुग्ण नेले. हे आकडे निवेदनात ठेवतोय. आकड्यांनी कंटाळा येतो असं म्हणतात, पण पुण्याच्या गर्दीला आकडा सांगितला की ती ऐकते, असा माझा अनुभव.

१३ जुलै, रविवार

आज जोरात भांडण झालं आणि झालं ते बरं झालं.

रंगभूषा करणाऱ्याने विचारलं, पोरांना काळा रंग किती गडद लावायचा? मी म्हटलं, रंग लावायचा नाही. “मग ते नीग्रो आहेत हे कळणार कसं?” पहिली गोष्ट, तो शब्द मांडवात नको. दुसरी, माणसाचा वर्ण म्हणजे नाटकाचा मेकअप नव्हे. तिसरी म्हणजे आमच्या पोरांत गव्हाळ, सावळे, काळे सगळे आहेत. ज्याला कळायचं त्याला निवेदनातून कळेल. अर्धे माझ्या बाजूने, अर्धे “बघणाऱ्यांना मजा येणार नाही” या बाजूने.

सुटका केली ती एका प्रसंगाने. फ्रीडम हाउसच्या लोकांनी पुढे सांगितलंय की काही गोरे रुग्ण, छातीत कळा येत असताना, जीव जायची वेळ असताना, यांना अंगाला हात लावू द्यायचे नाहीत. मी तो प्रसंग वाचून दाखवला. खोली शांत झाली. विहिरीवरच्या आणि देवळाच्या पायरीवरच्या गोष्टी इथे प्रत्येकाच्या घरात आहेत, फक्त कोणाच्या घरात कुठल्या बाजूने आहेत एवढाच फरक. रंगारी म्हणाला, “एवढा सीन ठेवा, रंगाची गरज नाही.” ठेवला. प्रवेशात एकही संवाद नाही. रुग्णाचा झिडकारणारा हात आणि तरीही नाडी शोधणारी दोन बोटं, एवढंच.

अण्णांनी जाता जाता आठवण काढली की १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा ते कॉलेजात होते. ते नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. म्हणजे अमेरिकेचं पेठेत काय काम, या प्रश्नाचं एक उत्तर अण्णांकडे आधीपासून होतं.

२० जुलै, रविवार

नेपथ्य. थर्माकोल नाही, बंदी आहे आणि आम्हालाही नको. प्लायवूड आणि कापड. गाडी चाकांवर, दोन कार्यकर्ते आतून ढकलतील. स्ट्रेचर ताईंच्या ओळखीने जुनं मिळतंय. प्रकाशयोजना साधी. सुतार आगाऊ रक्कम मागतोय, खजिनदार गावाला गेलेत.

२७ जुलै, रविवार

आज तो आकडा बैठकीत मांडला. १५ जूनपासून खिशात ठेवला होता.

१९७२ मधला एक अभ्यास आहे. फ्रीडम हाउसने दोन महिन्यांत नेलेल्या सुमारे १,४०० रुग्णांचा. गंभीर रुग्णांना योग्य उपचार मिळण्याचं प्रमाण फ्रीडम हाउसकडे ८९ टक्के. पोलिसांकडे ३८ टक्के. आणि स्वयंसेवी रुग्णवाहिकांकडे १३ टक्के.

“स्वयंसेवी म्हणजे आपल्यासारख्या?” ड्रायव्हरकाकांनी विचारलं. हो, आपल्यासारख्या. अण्णा उखडले. पंचवीस वर्षं रात्री-अपरात्री गाडी काढली, करोनात घरचे पुढे येईनात तेव्हा आपल्या पोरांनी मयतं नेली, आणि मांडवात उभं राहून आपणच आपल्याला १३ टक्के म्हणायचं? त्यांचा राग खोटा नाही. त्या काळात मीही बरोबर होतो. पण सेवाभाव आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीने दुसरी भरून निघत नाही. आपल्या गाडीत चालक असतो, ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, आणि मागे असतात ते रुग्णाचे नातेवाईक, म्हणजे त्या क्षणी जगातली सगळ्यात घाबरलेली माणसं. सिलिंडरची चावी कुठल्या बाजूला फिरवायची हेही त्यांना धावत्या गाडीत पुढून ओरडून सांगावं लागतं.

ताईंनी कागद काढला. रुग्णवाहिकांचं सरकारी मानक आहे, एआयएस १२५. त्यात प्रकार आहेत: अ म्हणजे जागेवर पहिली मदत पोचवणारी गाडी, ब म्हणजे नुसती ने-आण, क म्हणजे प्राथमिक जीवरक्षक सोय, ड म्हणजे प्रगत. आपली गाडी ब. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा नेणारी गाडीही लागतेच, पण ब ला ड समजून गाडीत बसणारा माणूस मात्र फसतो, असं त्या म्हणाल्या.

आकडा राहणार. अण्णांनी अट घातली की निवेदनात ‘स्वयंसेवी’ हा शब्द गाळू नका. मला वाटलं होतं ते गाळायला सांगतील.

३ ऑगस्ट, रविवार

तालमी. ताईंनी दोन गोष्टींत अजिबात ऐकलं नाही. एक: जिवंत मुलाच्या छातीवर दाब द्यायचा नाही, खोटा खोटासुद्धा नाही. चालत्या हृदयावर दाब म्हणजे बरगडी मोडायचं काम. रुग्ण म्हणून पुतळा हवा. प्रशिक्षणाचा पुतळा एका ओळखीच्या डॉक्टरांनी उसना दिला.

दोन: त्या काळची पद्धत दाखवायची नाही. १९७० च्या आसपास दाबाचा वेग कमी सांगत आणि क्रम श्वासमार्गापासून सुरू होई. आता मिनिटाला १०० ते १२०, निदान पाच सेंटिमीटर खोल, आणि २०१० पासून क्रमही बदललाय, आधी छातीवर दाब. मी म्हटलं, पण इतिहास? त्या म्हणाल्या, “बघणारा घरी जाऊन हेच करणार आहे. तुझा इतिहास निवेदनात सांग.” पटलं. पोशाख १९७० चे आणि हात २०२५ चे.

समोरच्या शाळेच्या मैदानात ढोल पथकाचा सराव चालू असतो. पोरांचे हात आपोआप ढोलाच्या ठेक्यावर जातात आणि वेग चुकतो. तालमीची वेळ बदलावी लागणार.

१० ऑगस्ट, रविवार

नॅन्सी कॅरोलाइनची भूमिका कोण करणार? मंडळात पोरींची संख्या किती, हा प्रश्न दर वर्षी अशाच वेळी आठवतो. शेवटी ढोल पथकातली एक वादक तयार झाली.

भूमिका छोटी, पण माझ्या लेखी कणा. सफार यांच्या हाताखाली शिकायला आलेली तरुण डॉक्टर. १९७४ मध्ये फ्रीडम हाउसची वैद्यकीय संचालक झाली. कार्यालयात बसून संचालन केलं नाही. गाडीत बसली, ठाण्यावरच झोपली, प्रत्येक फेरीनंतर काय केलं, का केलं, हे पोरांकडून वदवून घेतलं. सुरुवातीला तीही त्यांच्याकडून रस्ता शिकली: तिसऱ्या मजल्याच्या अरुंद जिन्यावरून बेशुद्ध माणूस कसा उतरवायचा हे कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात? केंद्रीय वाहतूक खात्याने देशभरासाठी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम तयार करायचं काम तिच्याकडे दिलं आणि तो फ्रीडम हाउसच्या लोकांबरोबर घासूनपुसून तयार झाला. तिचं पाठ्यपुस्तक १९७९ मध्ये आलं, अजून त्याच्या आवृत्त्या निघतात. पुढे ती इस्राएलच्या रुग्णवाहिका सेवेत गेली, आफ्रिकेतही काम केलं, २००२ मध्ये वारली.

म्हणजे पुस्तकातली जी वाक्यं जगभरचे विद्यार्थी आज पाठ करतात, त्यांच्यामागे हिल डिस्ट्रिक्टचे जिने आहेत.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी. गाडी रात्री उशिरापर्यंत फिरत होती. मानेला मार लागलेल्या एका गोविंदाला मित्रांनी खांद्या-पायांना धरून उचललं आणि गाडीत टाकलं. ड्रायव्हरकाका ओरडेपर्यंत झालं होतं. मुलगा ठीक आहे, नशीब. दवाखान्यात पोचवणाऱ्यांनी आपली नावं देण्याआधीच पळ काढला. पोलिसांची भीती अजून जात नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, वाहन अपघातात मदत करणाऱ्यावर कारवाई नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. मांडवाबाहेरच्या फलकावर हे मोठ्या अक्षरांत लिहायला दिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शेवटचा प्रवेश तिसऱ्यांदा लिहिला. १५ ऑक्टोबर १९७५, फ्रीडम हाउसचा शेवटचा दिवस.

कारणं सगळी घेता येणार नाहीत. महापौर पीटर फ्लाहर्टी यांच्या काळात शहराकडून पैसा आखडला गेला, वेळेवर येईना. इतर भागांतले लोक विचारू लागले की त्या वस्तीला अशी सेवा आणि आम्हाला पोलिसांची गाडी का? यावरचं साधं उत्तर म्हणजे फ्रीडम हाउसच शहरभर वाढवणं. शहराने स्वतःची नवी सेवा काढली. कॅरोलाइनने आग्रह धरला की फ्रीडम हाउसच्या लोकांना सामावून घ्या. घेतलं. मग परीक्षा आल्या, आधी न शिकवलेल्या गोष्टींच्या. पोलिसांत नोंद असलेल्यांना वगळलं. एकत्र काम केलेल्या जोड्या तोडल्या, आणि ज्यांना यांनी शिकवलं असतं अशा नवख्या गोऱ्या लोकांच्या हाताखाली यांना ठेवलं. कोणी कंटाळून गेलं, कोणाला जावं लागलं. १९९० चं दशक संपताना त्या शहराच्या रुग्णवाहिकांवर जवळजवळ सगळे गोरे होते.

अध्यक्षांना इथे दुष्ट माणूस हवाय, महापौराच्या पोशाखात, काळा चष्मा लावून. नाही. दृश्य असं: परीक्षेचं टेबल, कागद, पेन, आणि प्रश्न विचारणारा आवाज. टेबलामागे कोणी नाही. आपल्याकडे ज्याने कधी सरकारी खिडकीपुढे उभं राहून ‘अजून एक कागद लागेल’ ऐकलंय त्याला पुरेसं आहे.

त्यानंतर तीन माणसं प्रकाशात येतात. मिचेल ब्राउन, पुढे ओहायोतल्या कोलंबस शहराच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचे प्रमुख. जॉन मून, रुग्णालयात हरकाम्या असताना फ्रीडम हाउसचे दोघे रुबाबात रुग्ण घेऊन आत शिरताना पाहिले आणि ठरवलं की आपल्याला हेच व्हायचंय. शहराच्या सेवेत सगळं सोसून टिकले, साहाय्यक प्रमुख होऊन २००९ मध्ये निवृत्त झाले. आणि अमेरा गिलख्रिस्ट. मून यांनी भरती करून आणलेली मुलगी. २०२३ मध्ये ती पिट्सबर्गच्या त्याच सेवेची प्रमुख झाली. फ्रीडम हाउस बंद झालं त्यानंतर ४७-४८ वर्षांनी.

२३ ऑगस्ट, शनिवार

ध्वनिमुद्रण झालं. निवेदकाचा आवाज भारदस्त आहे, जरा जास्तच. “करुणेचा महासागर” असं काहीतरी स्वतःहून घालत होता, काढायला लावलं. नऊ मिनिटं झाली, साडेसातवर आणायचं आहे. कात्री सफार यांच्या भागाला लावली.

२७ ऑगस्ट, बुधवार

श्रींची प्रतिष्ठापना. देखावा गौरी विसर्जनानंतर खुला, पोरांना घरचे गणपती आहेत. पावसाने मांडवाच्या मागच्या बाजूला पाणी शिरतंय, प्लायवूड फुगायच्या आत विटा लावल्या.

३ सप्टेंबर, बुधवार

काल पहिले खेळ. गर्दी चांगली. परीक्षेच्या टेबलापाशी लोक हसतील अशी भीती होती, हसले नाहीत. १३ टक्क्यांच्या आकड्याला मात्र मागून कोणीतरी “आमच्याकडे तेवढेही नाहीत” असं ओरडलं आणि हशा पिकला. झिडकारलेल्या हाताच्या प्रवेशात एक आजोबा उठून गेले. रागाने की कशाने, कळलं नाही.

बाहेर ओम्नीपाशी अण्णा खुर्ची टाकून बसतात. येणाऱ्या प्रत्येकाला तिची गोष्ट सांगतात. जास्त गर्दी तिथे की आत, हे मी मोजणार नाही.

‘१०८’ च्या गाडीवर काम करणारे एक डॉक्टर रात्री ड्यूटी संपवून आले होते. राज्यात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी, आणि प्रत्येक गाडीत मागे डॉक्टर हे तिचं वैशिष्ट्य. ते म्हणाले, लोकांना गाडी किती मिनिटांत आली हे आठवतं, आत काय केलं ते आठवत नाही. तेवढ्यासाठी तरी हा देखावा बघायला सांगेन.

५ सप्टेंबर, शुक्रवार

खेळ संपल्यावर ताई पुतळा बाहेर आणतात आणि ज्याला हवं त्याला छातीवर दाब देऊन बघायला सांगतात. हे संहितेत नव्हतं. पोरंसोरं तर येतातच, पण काल एक भाजीवाल्या मावशी आल्या, पदर खोचला आणि पहिल्या झटक्यात बरोबर खोली गाठली. दम लागेपर्यंत थांबल्या नाहीत. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे सांगून कळत नाही. बहुतेक जण घाबरून वरवर दाबतात.

१४ सप्टेंबर, रविवार

हिशोबाची बैठक. प्लायवूड पुढच्या वर्षासाठी ठेवलं, गाडीचा सांगाडा एका शाळेने नाटकासाठी मागितलाय, देऊन टाकला. उसना पुतळा परत केला.

शिल्लक रकमेवरून चर्चा. एक गट म्हणतो नवी गाडी बुक करा, जुनीला वर्षं झाली. दुसरा म्हणतो गाडी आहे तीच चालवा आणि पैसा प्रशिक्षणाला लावा: स्वतःचा पुतळा, आणि ड्रायव्हरकाकांबरोबर रात्री मागे बसणाऱ्या पोरांना मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रथमोपचाराचा पूर्ण अभ्यासक्रम, दोन दिवसांचं नुसतं प्रमाणपत्र नव्हे. अण्णा दुसऱ्या गटात. फक्त त्यांना पगाराचा प्रश्नही सोडवायचा आहे. फ्रीडम हाउसची पोरं शिकली कारण ते त्यांचं पोट होतं. आपली पोरं नोकरी लागली की गावाबाहेर जातात, मग शिकवलेलं कोणाच्या उपयोगाचं? मी म्हटलं, जातील तिथे उपयोगी पडेल. ते म्हणाले, “ते ठीक आहे, पण रात्री दोनला आपल्या गाडीत कोण बसणार ते सांग.” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रात्रपाळीला मानधन देता येईल का, मंडळाच्या घटनेत तशी तरतूद आहे का, हे खजिनदार बघून सांगणार आहेत.

पहिला वर्ग दसऱ्यानंतरच्या रविवारी, ताईंच्या घरच्या गच्चीवर. नावं नोंदवायची वही ओम्नीच्या काचेवर लटकवली आहे. पालखीतला तो पोरगा, नॅन्सी झालेली मुलगी आणि ड्रायव्हरकाका, एवढी नावं सध्या आहेत. पुतळ्याची किंमत दोन ठिकाणी विचारायची, बिल मंडळाच्या नावाने घ्यायचं.